पाठीचा स्नायू हृदयाभोवती, वर ग्रोथ फॅक्टर: असं खरंच कुठे करतात का?

मिरजेचा भाचा
नमस्कार मंडळी. मामांसाठी (वय ६८) विचारतोय. दोन झटके येऊन गेलेत, बायपास झाली आहे, ईएफ (हृदय दर ठोक्याला आपल्यातलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं तो आकडा) २५ टक्क्यांवर आलंय. पुन्हा बायपास किंवा स्टेंट करण्याजोगं काही उरलेलं नाही, गोळ्या चालू ठेवा, असं कार्डिऑलॉजिस्ट म्हणतात.

अशात घरच्या ग्रुपवर कुणीतरी एक व्हिडिओ टाकला. पाठीतला मोठा स्नायू सोडवून हृदयाभोवती गुंडाळतात, पेसमेकरसारखं यंत्र लावून त्याला हृदयाबरोबर आकुंचन पावायला लावतात, आणि तो नीट जगावा म्हणून त्याला 'ग्रोथ फॅक्टर' देतात. झालं, तेव्हापासून मामी माझ्या मागे लागली आहे, चौकशी कर म्हणून. एका क्लिनिकमध्ये फोन केला तर ते म्हणाले, ऑपरेशन कशाला, आमच्याकडे ग्रोथ फॅक्टरच्या इंजेक्शनांचं पॅकेज आहे, नव्या रक्तवाहिन्या फुटतात.

व्हिडिओतलं खरं आहे का? असेल तर आपल्याकडे का होत नाही? आणि ते पॅकेज? जाणकारांनी लिहावं. मला आर्ट्‌सचा विद्यार्थी समजून लिहिलंत तर बरं.

खट्याळ बोका
म्हणजे पाठीत खंजीर खुपसला की थेट काळजाला लागणार!
(हलके घ्या. मामांना शुभेच्छा.)

सुमेधा_ठाणे
बोका :) 
वाचतेय. टाकाटिपीताई कुठे आहेत? हा त्यांचाच प्रांत.

टाकाटिपी
आले, आले. मी प्लास्टिक सर्जन, आता निवृत्त. हृदयाला कधी हात लावला नाही, पण या स्नायूशी जुनी ओळख आहे.

व्हिडिओ खोटा नाही, जुना आहे. या ऑपरेशनला कार्डिओमायोप्लास्टी म्हणतात. पॅरिसमध्ये आलाँ कार्पाँतिए आणि हुआन कार्लोस चाचकेस यांनी १९८५ मध्ये पहिल्यांदा माणसावर यशस्वी करून दाखवलं. स्नायूचं नाव लॅटिसिमस डॉर्साय. काखेपासून कमरेपर्यंत पसरलेला, पातळ आणि रुंद. स्तनाच्या कर्करोगानंतर स्तन पुन्हा घडवायला आम्ही तो सर्रास वापरतो. काढला तरी माणसाचं रोजचं काम अडत नाही.

हृदयासाठी डाव्या बाजूचा घेतात. कमरेकडून सोडवत वर यायचं, काखेतली त्याची मुख्य रोहिणी आणि नस (नर्व्ह, म्हणजे मज्जातंतू) तेवढी शाबूत ठेवायची, वरच्या एका बरगडीचा तुकडा काढून खिडकी करायची आणि तिच्यातून स्नायू छातीत घेऊन हृदयाच्या खालच्या कप्प्यांना वेढा घालायचा. मग साधारण दोन आठवडे त्याला काही करायचं नाही. त्यानंतर विजेचे बारीक धक्के द्यायला सुरुवात, हळूहळू वाढवत दीड-दोन महिने. ही तालीम लागते, कारण पाठीचा स्नायू जोर पटकन लावतो आणि पटकन थकतो. हृदयाला थकून चालत नाही. सतत मंद धक्के दिले की त्याचे जलद तंतू हळूहळू न थकणाऱ्या, संथ प्रकारात बदलतात. सामन्स आणि व्हरबोवा यांनी हे १९६९ मध्येच दाखवलं होतं.

आता ग्रोथ फॅक्टर कुठे आले ते. कमरेकडचं टोक सोडवताना बरगड्यांमधून आणि कमरेतून त्याला मिळणाऱ्या बारीक रोहिण्या एकेक बांधून कापाव्या लागतात. कापल्यावर थोड्याच वेळात ते टोक निळसर दिसायला लागतं. कडेला ब्लेडने किंचित छेद देऊन बघायचं. लालभडक रक्त आलं तर ठीक. गडद आलं तर ओला गरम मॉप ठेवून थांबायचं. आलंच नाही तर तेवढा भाग कापून टाकायचा. स्तनासाठी मी तो बेलाशक कापत असे. हृदयाच्या सर्जनला ती चैन नाही, कारण हृदयाच्या टोकाशी पोचायला नेमकं तेच टोक लागतं. म्हणजे जिथे सगळ्यात जास्त काम, तिथेच सगळ्यात कमी रक्त. म्हणून १९९० च्या दशकात लोकांच्या डोक्यात आलं की या टोकात नव्या केशवाहिन्या फुटाव्यात म्हणून एफजीएफसारखं प्रथिन देऊन बघावं.

मिरजेचा भाचा
ताई, दंडवत. हे मला कळलं, म्हणजे कुणालाही कळेल. मग पुढे काय झालं?

शंकासुर
ताई, एक शंका. दोन आठवडे थांबायचंच आहे तर आधी त्या बारीक रोहिण्या कापून स्नायू जागेवरच ठेवायचा, मुख्य रोहिणीला सवय होऊ द्यायची, आणि मग उचलायचा. प्रथिन-बिथिन कशाला हवं?

टाकाटिपी
शंकासुर, शाबास. आम्ही त्याला 'डिले' म्हणतो. आधी अर्धवट तोडून ठेवलं की उरलेल्या वाटा रुंदावतात. प्राण्यांवरच्या प्रयोगांत या स्नायूसाठीही त्याचा फायदा दिसला. अडचण एकच, ज्याचं हृदय इतकं थकलंय त्याला एकाऐवजी दोनदा भूल द्यायची.

नाना नेवासकर
डिलेवरून आठवलं. १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये पुण्याची एक हकीगत चित्रासकट छापून आली होती. कावसजी नावाचा ब्रिटिश फौजेचा गाडीवान टिपूच्या कैदेत सापडला, त्याचं नाक कापलं गेलं. पुण्याजवळच्या एका कारागिराने कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवं नाक करून दिलं. मेणाचं नाक करून माप घ्यायचं, ते कपाळावर उलगडून आखायचं, आणि कातडी कापताना भुवयांच्या मधला देठ तसाच ठेवायचा. हा देठ सुमारे पंचविसाव्या दिवसापर्यंत कापत नसत, असं त्यात लिहिलंय. नव्या जागेतून रक्त मिळायला लागेपर्यंत जुनं तोडायचं नाही, एवढं त्या माणसाला पक्कं ठाऊक होतं. युरोपातल्या सर्जनांनी हे वाचून पुढे ही पद्धत उचलली.

कुजकट पुणेकर
चला, हृदयाचा धागा पुण्याच्या नाकावर आला. आता सुखाने झोपतो.

बांधावरून
:) :)
नाना, माहिती भारी. पण भाच्याचा प्रश्न राहिला. प्रथिन दिल्यावर काय झालं?

ऊती
मी लिहिते. जर्मनीत टिश्यू इंजिनियरिंगमध्ये काम करते. रक्तवाहिन्या वाढवणारी प्रथिनं जेलमध्ये अडकवून ठेवणं हाच माझा रोजचा उद्योग आहे.

ग्रोथ फॅक्टर म्हणजे पेशींनी पेशींना पाठवलेले निरोप. वाढ, सरक, वाटून दोन हो, इकडे ये. यात टॉनिकसारखं काही नाही. कुठल्या पेशीला, किती वेळ आणि किती प्रमाणात निरोप पोचला यावर सगळं अवलंबून. रक्तवाहिन्यांच्या बाबतीत दोन घराणी महत्त्वाची: व्हीईजीएफ आणि एफजीएफ. ऑक्सिजन कमी पडला की स्नायू स्वतःच व्हीईजीएफ सोडतो, आजूबाजूच्या केशवाहिन्यांना फांद्या फुटतात. एफजीएफ त्या फांद्या जाड आणि टिकाऊ करायलाही मदत करतो.

शेळ्या, मेंढ्या, कुत्रे यांच्या पाठीच्या स्नायूंवर बेसिक एफजीएफ देऊन झालेले प्रयोग वाचले तर आशा वाटते. स्नायूत केशवाहिन्या दाट झाल्या, टोकाचा रक्तपुरवठा सुधारला. इतकंच नव्हे, तर स्नायू हृदयाला चिकटला तिथे दोघांमध्ये नव्या वाहिन्या जोडल्या गेल्या. म्हणजे स्नायूने हृदयाला ताकद देवो न देवो, रक्त तरी द्यावं. ही कल्पना त्याहूनही जुनी. क्लीव्हलंडच्या क्लॉड बेकने १९३५ मध्ये छातीचा स्नायू रुग्णाच्या हृदयावर शिवला होता तो याचसाठी. पंप म्हणून नव्हे, रक्ताची दुसरी वाट म्हणून.

अडचण माणसावर आली. ही प्रथिनं रक्तात सोडली की काही वेळातच नाहीशी होतात. बहुतेक माल यकृत आणि मूत्रपिंडातच संपतो. आणि नवी रक्तवाहिनी उभी राहायला काही आठवडे लागतात.

बांधावरून
म्हणजे उन्हाळ्यात एकदाच पाट फोडून मोकळं व्हायचं आणि म्हणायचं ऊस का वाळला. इथे ठिबक पाहिजे.

ऊती
बांधावरून, अगदी हेच! आणि ते ठिबक बॉस्टनमध्ये करूनही पाहिलं गेलं. एफजीएफला हेपरिनशी धरून राहायची सवय आहे. त्याचा फायदा घेऊन हेपरिन (रक्त पातळ ठेवणारं औषध) आणि अल्जिनेटच्या (समुद्री शेवाळातल्या जेलच्या) बारीक गोळ्यांत एफजीएफ भरलं. बायपास करताना ज्या भागाला कलम जोडताच येत नव्हतं, तिथल्या चरबीत सर्जनने या गोळ्या पुरून ठेवल्या. काही आठवडे हळूहळू झिरपत राहतील अशा. १९९९ मध्ये निष्कर्ष आले. एकूण २४ रुग्ण: काहींना १० मायक्रोग्रॅम, काहींना १००, काहींना रिकाम्या गोळ्या. १०० वाल्यांत त्या भागाचा रक्तपुरवठा सुधारलेला दिसला. पण तीन गटांत मिळून २४ म्हणजे एका गटात आठ. यावर उपचार उभा राहत नाही, पुढचा अभ्यास उभा राहतो.

त्याच सुमारास घाई झाली ती शस्त्रक्रियेविना, नळीतून थेट हृदयाच्या रोहिणीत प्रथिन सोडायची. एफजीएफ-२ च्या चाचणीत ३३७ रुग्ण होते, एकदाच मात्रा दिली. तीन महिन्यांनी चालण्याच्या क्षमतेत प्लासिबोच्या (औषध नसलेल्या, नुसत्या दिखाऊ मात्रेच्या) तुलनेत ठोस फरक नाही. व्हीईजीएफच्या चाचणीत १७८ रुग्ण. तिथे तर गंमतच झाली. औषधवाले सुधारले, आणि प्लासिबोवालेही सुधारले.

हिशोबनीस
हे शेवटचं वाक्य त्या क्लिनिकवाल्यासाठी जपून ठेवा. 'आमच्या पेशंटना बरं वाटतं' हा पुरावा का चालत नाही, याचं उत्तर त्यात आहे. छातीत दुखणाऱ्या माणसाला काळजीने तपासलं, आठवड्याला फोन केला, ट्रेडमिलवर चालवलं की तो जास्त चालतो. मिठाचं पाणी टोचलं तरी.

सुमेधा_ठाणे
एक मिनिट. माझ्या आईला मधुमेहामुळे पडद्याला सूज आहे, डोळ्यात इंजेक्शन देतात. डॉक्टरांनी सांगितलं ते व्हीईजीएफ *रोखायचं* आहे म्हणून. आणि इथे तेच वाढवायचं चाललंय? मला काही झेपलं नाही.

ऊती
तुम्हाला नेमकं झेपलंय. मधुमेहात पडदा उपाशी राहतो, व्हीईजीएफ सोडतो, आणि ज्या वाहिन्या फुटतात त्या गळक्या आणि वेड्यावाकड्या. म्हणून तिथे रोखायचं. कर्करोगाच्या गाठीही याच वाटेने स्वतःसाठी रक्त ओढून घेतात, हे जूडा फोकमन १९७१ पासून सांगत होते. शरीरभर व्हीईजीएफ सोडणं म्हणजे हृदयाबरोबर डोळ्याला आणि कुठे लपलेली गाठ असेल तर तिलाही निरोप पाठवणं.

आणि हृदयातही जास्त झालं की बिघडतं. २००० मध्ये अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. सतत व्हीईजीएफ सोडत राहतील अशा बदललेल्या स्नायूपेशी उंदरांच्या हृदयात घातल्या. नियंत्रण काहीच नव्हतं. तिथे सुबक रक्तवाहिन्या वाढल्या नाहीत, रक्ताने भरलेल्या गाठी झाल्या, आणि काही उंदीर त्यातच मेले. आमच्या लॅबमध्ये नवीन मूल आलं की मी त्याला आधी हा पेपर वाचायला देते.

भाच्या, मामांना मधुमेह आहे का?

मिरजेचा भाचा
आहे. गेली कित्येक वर्षं. डोळ्याला लेझर पण झालंय.

ऊती
मग ते पॅकेज विसरा. शिवाय व्हीईजीएफ आणि एफजीएफ दोन्हींमुळे रक्तदाब खाली जातो. त्या चाचण्यांत मात्रा वाढवायला हीच अडचण होती. २५ टक्के ईएफवाल्याला तो धोका कोण देणार? आणि क्लिनिक नेमकं काय टोचतं तेही विचारा. बऱ्याच ठिकाणी 'ग्रोथ फॅक्टर' म्हणजे पेशंटचंच रक्त फिरवून काढलेलं पीआरपी असतं.

खट्याळ बोका
पीआरपी? ते तर आमच्या गल्लीतल्या केसांच्या दवाखान्यात मिळतं. टक्कल आणि हृदय एकाच पॅकेजमध्ये करून द्या म्हणावं.

कार्डिओकट्टा
उशिरा आलो, ओपीडी होती. धागा छान चाललाय. पण कार्डिओमायोप्लास्टी का बंद पडली ते अजून कुणी स्पष्ट लिहिलं नाही, म्हणून लिहितो.

जगभरात हजारावर लोकांवर हे ऑपरेशन झालं. बऱ्याच रुग्णांना बरं वाटायचं. दोन पायऱ्यांवर दम लागायचा तो माणूस जिना चढायला लागायचा. पण आत नळी घालून मोजलं की हृदयाची ताकद त्या मानाने वाढलेली दिसत नसे. ज्यांना सगळ्यात जास्त गरज, म्हणजे बसल्या जागी दम लागणारे, तेच ऑपरेशन आणि नंतरचे दोन महिने काढू शकत नसत. स्नायू कामाला लागायच्या आतच मृत्यू गाठायचा. अमेरिकेतली तुलनात्मक चाचणी मधेच थांबली, उत्तेजक यंत्र बनवणं थांबलं, विषय संपला. दरम्यान थकलेल्या हृदयासाठी बीटा ब्लॉकर गोळ्या आल्या, पुढे सीआरटी (हृदयाच्या कप्प्यांना एका तालात आणणारा पेसमेकर) आलं, एलव्हॅड (डाव्या कप्प्याला जोडायचा यांत्रिक पंप) सुधारला. रक्तपुरवठा सुधारून हे ऑपरेशन वाचलं असतं असं मला वाटत नाही. एफजीएफ ओतून सुद्धा.

टाकाटिपी
कट्टा, अर्धं मान्य. बाकी अर्ध्यावर भांडते.

ज्यांचे स्नायू नंतर तपासले गेले, त्यात अनेकांत स्नायूच्या जागी चरबी आणि चिवट ऊती सापडली. का? एक तर टोकाला रक्त नाही. दुसरं, आपण त्याला दिवसरात्र हाकत होतो. ज्या स्नायूने जन्मभर रात्री विश्रांती घेतली, त्याला एकदम चोवीस तासांची पाळी. इटलीत पुढे काही जणांनी त्याला दिवसातून विश्रांती देऊन, हलक्या हाताने चालवून पाहिलं, तर त्याचा वेग आणि ताकद बरी टिकली. तोवर गाडी निघून गेली होती. म्हणून 'स्नायू नालायक' असं म्हणू नका. आपण त्याला उपाशी ठेवून राबवला आणि मग नापास केला.

कार्डिओकट्टा
टाकाटिपीताई, वकिली जोरदार आहे. :) तरी मी माझ्या जागेवर. ज्यांना फायदा झाला त्यांच्यातही तो आकुंचनाचा कमी आणि वेढ्याचा जास्त असावा, असं मानणारे बरेच होते. पसरत चाललेल्या हृदयाला बाहेरून आवळून धरलं, पसरणं थांबलं. नुसती जाळीची पिशवी हृदयाला चढवून बघण्याचे प्रयोग त्यातूनच पुढे झाले. तेवढ्यासाठी पाठ उघडायची गरज नाही.

टाकाटिपी
वेढ्याचं मान्य. पण जाळीला रक्तवाहिन्या फुटत नाहीत, डॉक्टरसाहेब.

शंकासुर
दोघांचं चालू द्या, आम्हाला फुकट शिकवणी.
शंका: स्नायू एवढा मोठा उचलण्यापेक्षा त्याच्या पेशीच काढून हृदयात टोचल्या तर?

ऊती
तेही झालं, आणि पुन्हा पॅरिसमध्येच. जून २००० मध्ये फिलिप मेनाशे यांनी ७२ वर्षांच्या एका रुग्णाच्या मांडीच्या स्नायूतून पेशी काढल्या, लॅबमध्ये वाढवून काही कोटी केल्या आणि बायपास करताना हृदयाच्या मेलेल्या भागात टोचल्या. मोठा गाजावाजा झाला. नंतर ९७ रुग्णांची नीट चाचणी झाली, २००८ मध्ये निकाल आला. ईएफमध्ये फरक नाही. वर ठोक्यांच्या अनियमिततेची भीती. कारण मांडीची पेशी हृदयात गेली तरी हृदयाची होत नाही. हृदयाच्या पेशी एकमेकींना विजेच्या जोडांनी बांधलेल्या असतात. ही पाहुणी त्या गोटात शिरतच नाही, आपल्या तालावर बसते.

मग जपानी लोकांनी वेगळा विचार केला. ओसाकाच्या योशिकी सावा यांच्या गटाने मांडीच्या पेशींची पातळ चादर वाढवली. तापमान उतरवलं की थाळीपासून अलगद सुटणारी. ती हृदयाच्या पृष्ठभागावर नुसती ठेवायची. अपेक्षा ही नाही की ती आकुंचन पावेल. अपेक्षा ही की त्या पेशी एचजीएफ, व्हीईजीएफ वगैरे ग्रोथ फॅक्टर सोडत राहतील, शेजारच्या हृदयाला सावरतील. म्हणजे आधी ग्रोथ फॅक्टर देऊन स्नायू जगवायचा विचार होता, आता स्नायूकडूनच ग्रोथ फॅक्टर घ्यायचा! जपानने २०१५ मध्ये सात रुग्णांच्या अभ्यासावर तिला सशर्त परवानगी दिली. अट अशी की पुढे परिणाम सिद्ध करून दाखवा. २०२४ मध्ये तज्ज्ञ समितीने सांगितलं, सिद्ध झालं नाही. उत्पादन मागे घेतलं.

हिशोबनीस
सात. तरी परवानगी. आमच्या सोसायटीत लिफ्ट बदलायला याहून जास्त सह्या लागतात.

नाना नेवासकर
पुन्हा विषयांतर, पण हे लिहायलाच हवं. मुंबईच्या केईएममध्ये डॉ. पी. के. सेन होते. सापाच्या हृदयाच्या भिंती स्पंजासारख्या असतात, कप्प्यातलं रक्तच त्यांना थेट पाजतं. सेनांनी विचार केला, माणसाच्या हृदयाला सुईने भोकं पाडली तर? १९६५ मध्ये त्यांनी हे काम अमेरिकन नियतकालिकात छापलं, 'ट्रान्समायोकार्डियल ॲक्युपंक्चर' नावाने. याच सेनांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये केईएममध्ये हृदय प्रत्यारोपण केलं, दक्षिण आफ्रिकेत बर्नार्डने केलेल्या जगातल्या पहिल्या प्रत्यारोपणानंतर तीनच महिन्यांच्या आत. रुग्ण काही तासच जगला. मुंबईत यशस्वी हृदय प्रत्यारोपण व्हायला २०१५ उजाडलं.

ऊती
नाना, हे विषयांतर नाहीच! सेनांच्या सुईची जागा पुढे लेझरने घेतली. भोकं तर थोड्याच काळात बुजतात, हे कळलं. तरी काही रुग्णांचं छातीत दुखणं कमी का होतं, यावर एक मत असं की जखम झाली म्हणून तिथले ग्रोथ फॅक्टर जागे होतात आणि भोकाच्या कडेने केशवाहिन्या फुटतात. दुसरं मत, तिथले मज्जातंतूच जळतात म्हणून दुखत नाही. तिसरं मत हिशोबनीसांचं.

कुजकट पुणेकर
म्हणजे मुंबईनेही काहीतरी केलंय. नोंद घेतली.

मिरजेचा भाचा
सगळ्यांचे मनापासून आभार. मामीला वाचून दाखवलं. तिने एकच विचारलं: मग आज यातलं काहीच चालू नाही का?

ऊती
चालू आहे, पण वेगळ्या स्नायूवर. आता उसना स्नायू नको, हृदयाचाच स्नायू बनवू, असा रोख आहे. जर्मनीतच ग्योटिंगेनच्या गटाने मूळ पेशींपासून हृदयाच्या पेशी आणि आधार देणाऱ्या पेशी तयार केल्या, कोलॅजनमध्ये गुंफून त्यांचे पट्टे केले आणि ते हृदयावर शिवले. आधी माकडांवर, मग माणसावर. जानेवारी २०२५ मध्ये 'नेचर'मध्ये आलं. त्यात ४६ वर्षांच्या एका बाईंचं हृदय तपासता आलं, कारण पट्टे बसवल्यावर तीन महिन्यांनी त्यांना प्रत्यारोपणाचं हृदय मिळालं आणि जुनं बाहेर काढावं लागलं. पट्ट्यातला स्नायू जिवंत होता, आणि त्यात रुग्णाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्या शिरल्या होत्या.

असा पट्टा मी एका प्रात्यक्षिकात पाहिलाय. गुलाबी द्रवात दोन खांबांना ताणून बसवलेला, बोटाच्या पेरापेक्षा लहान, फिकट. सूक्ष्मदर्शकाची गरज नाही, नुसत्या डोळ्यांनी दिसतं: खांब आत ओढले जातात, सैल होतात, पुन्हा ओढले जातात.

पण तिथेही पट्टा जाड करता येत नाही, कारण आतल्या पेशींना पहिले काही दिवस रक्त मिळत नाही. टाकाटिपीताईंचं निळं टोकच ते. माझी नोकरी त्यावरच चालू आहे. शिवाय पेशी परक्या असल्याने प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घ्यावी लागतात. हे सगळं अजून चाचणीतच आहे. मिरजेत बसून मामांना ते मिळेल असं मी म्हणणार नाही.

कार्डिओकट्टा
आता भाच्याच्या कामाचं. ऑनलाइन सल्ला म्हणजे सल्ला नव्हे, पण पुढच्या भेटीत डॉक्टरांना हे विचारा.

ईसीजीत क्यूआरएस (हृदयाचे खालचे कप्पे आकुंचन पावताना उमटणारी खूण) किती रुंद आहे? १५० मिलिसेकंदांच्या वर असेल आणि डाव्या बाजूचा ब्लॉक (डाव्या कप्प्याकडे जाणाऱ्या विजेच्या वाटेत अडथळा) असेल तर सीआरटी पेसमेकरचा उपयोग होऊ शकतो. एवढ्या कमी ईएफला जिवावर बेतणारी लय थांबवायला आयसीडीचा (आतूनच शॉक देणाऱ्या यंत्राचा) विचारही व्हायला हवा. मामांना तसं यंत्र लावलंय का?

गोळ्यांत चारही गट आहेत का: बीटा ब्लॉकर, सॅक्युबिट्रिल-वल्सार्टन, स्पायरोनोलॅक्टोन आणि डापाग्लिफ्लोझिनच्या जातीतलं औषध. यातलं शेवटचं मधुमेहालाही चालतं, आणि आता जेनेरिकमध्ये स्वस्त मिळतं. एखादी गोळी नसेल तर का नाही, तेही विचारा. किडनी, पोटॅशियम, रक्तदाब, काहीही कारण असू शकतं. मात्रा वाढवता येते का तेही. ईएफ २५ वरून वर आलेले रुग्ण मी केवळ गोळ्यांवर पाहिलेत, सगळेच येतात असं मात्र नाही.

मामांना रोज सकाळी लघवी झाल्यावर, चहाच्या आधी, वजन करायला सांगा आणि वहीत लिहा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ती चरबी नव्हे, पाणी. थांबू नका, फोन करा.

प्रत्यारोपण ६८ व्या वर्षी, मधुमेहासह, कठीण आहे. पण नोंदणीची चौकशी झेडटीसीसीकडे (अवयव प्रत्यारोपणाच्या विभागीय समन्वय समितीकडे) करता येते. एलव्हॅडचा खर्च कोटीच्या आसपास जातो, तो विषय घरात बसूनच बोला.

मिरजेचा भाचा
कट्टाकाका, हे प्रिंट काढून फाइलला लावलं. यंत्र कुठलंच नाही. क्यूआरएसचा आकडा जुन्या ईसीजीवर छापलेला आहे: १६२. हे जास्त आहे ना?

कार्डिओकट्टा
जास्त आहे. ब्लॉक कुठल्या बाजूचा आहे ते डॉक्टर पट्टी बघून सांगतील. पुढच्या भेटीची वाट बघू नका, याच आठवड्यात दाखवा. जुने सगळे ईसीजी बरोबर न्या, आणि क्लिनिकचं पॅकेज घेतलं नाही हेही सांगा, म्हणजे त्यांना बरं वाटेल.

खट्याळ बोका
आणि ते केसांचं पीआरपी? त्याबद्दल कुणीच बोललं नाही. मित्रासाठी विचारतोय.

टाकाटिपी
मित्राला म्हणावं वेगळा धागा काढ. फोटो टाकलास तर बघते.